एकशे तीस सेंटीमीटरवरचं बटण

एम्ब्रिक झाडाला छाती लावून उभा राहिला. जाकिटावरचं पितळी बटण खोडाला जिथे टेकलं, बरोब्बर तिथे त्याने जाडी मोजायच्या कॅलिपरचे दोन्ही जबडे लावले आणि मागे न बघता म्हणाला, "दोनशे चौदा."

तोरुनने आकडा टॅबवर भरला. मग खांद्यावरची काठी उतरवून बुंध्याशी उभी धरली, एकशे तीसच्या खुणेवर बोट ठेवलं आणि आपला कॅलिपर लावला.

"दोनशे तेरा."

"मिलिमीटरवरून भांडायला आलीस इथवर?"

"भांडत नाहीये. लिहितेय."

"स्वीडनमध्ये हल्ली भांडणाला लिहिणं म्हणतात वाटतं."

"बाबा, काठी वापर ना. नव्या नियमात आहे."

"काठी म्हाताऱ्यांना लागते," एम्ब्रिक म्हणाला आणि पुढच्या स्प्रूसच्या झाडाला जाऊन भेटला.

झाडाची जाडी माणसाच्या छातीच्या उंचीवर मोजायची, म्हणजे जमिनीपासून एकशे तीस सेंटीमीटरवर, याबद्दल नॉर्वे आणि स्वीडन यांचं एकमत होतं. बाकी फारसं नव्हतं. एका देशात पाच सेंटीमीटर जाडी भरली की झाड मोजणीत यायचं, दुसऱ्यात त्याच्या आधीच. एकीकडे आडवं पडलेलं झाड लाकूड होतं, दुसरीकडे ते निसर्ग होतं. वरच्या मंत्र्यांना मात्र एकच आकडा हवा होता: सीमेच्या दोन्ही अंगांना मिळून लाकूड किती, आणि त्यातलं तोडायचं किती. म्हणून समिती बसली होती. एक अख्खा हिवाळा घालवून समितीने मेलेल्या झाडाची दोन्ही देशांना चालेल अशी व्याख्या केली. मेलेलं झाड म्हणजे जे जिवंत नाही ते.

तोरुन स्वीडनकडून आली होती. लग्नानंतर तिने नवऱ्याचं आडनाव लावलं होतं, त्यामुळे नॉर्वेच्या मोजणाऱ्याची तपासणी त्याचीच मुलगी करणार आहे हे समितीच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने दोनदा कळवलं. दोन्ही वेळा 'नोंद घेतली' असं उत्तर आलं.

दुपारी दोघं सीमेवर कॉफीला बसले. इथे जंगलातून सरळ एक पट्टा मोकळा ठेवलेला आहे आणि मध्ये दगड रचून त्याला पिवळा रंग दिलेला आहे. या पट्ट्यात एकही झाड उभं राहू द्यायचं नाही, एवढ्यावर दोन्ही देशांनी फार पूर्वी सही केली आहे आणि ती पाळलीही आहे. एम्ब्रिक नॉर्वेत बसला, तोरुन स्वीडनमध्ये. काळवंडलेली किटली मध्ये.

"थर्मास आण म्हटलं तर नाही आणत," ती म्हणाली.

"थर्मासमधली कॉफी म्हणजे आठवण. कॉफी नव्हे." त्याने पावावर तपकिरी चीजचा काप ठेवून तिच्यापुढे धरला. "खा. तिकडे ते सपक चीज खाऊन हडकली आहेस."

चिलटांनी दोघांना सारखंच खाल्लं. त्यांच्यात एकवाक्यता होती.

फोन वाजला. तोरुनचा साहेब स्तुरे. ती उठून चार झाडं आत गेली.

"सापडलं काही?" स्तुरेने विचारलं.

"आजच सुरुवात केलीय."

"मी पुन्हा सांगतो. गेले दोन उन्हाळे त्या भागात नॉर्वेच्या बाजूची झाडं जाड होतायत. थोडीशीच, पण सगळी. आधी आम्ही हवामान बदलावर टाकलं होतं. पण ऊब पिवळ्या दगडाशी येऊन थांबते कशी, हे कुणाला सांगता येईना. मग कळलं, सगळी एकाच मोजणाऱ्याची झाडं आहेत."

"हो."

"झाडामागे मिलिमीटर. त्याला गुणिले देश. आगगाड्या भरून लाकूड होतं ते, जे जंगलात नाहीच. मंत्री ते तोडायला परवानगी देऊन बसतील." स्तुरेने कागद चाळल्याचा आवाज आला. "माणसाचीच चूक असेल तर त्याचे दोन उन्हाळ्यांचे आकडे टाकून द्यायचे आणि सोमवारपासून नवा माणूस. ओस्लोवाल्यांचीही तयारी आहे. चौसष्टचा आहे म्हणे. आनंदाने घरी जाईल."

तोरुनने झाडांमधून पाहिलं. एम्ब्रिक तिच्या कपात उरलेली कॉफी आपल्या कपात ओतत होता आणि चोरून इकडे बघत होता.

"बघते," ती म्हणाली.

घरी एम्ब्रिक आता फक्त मोजे वाळवायला जायचा. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये आई, सुनिवा, गेली, तेव्हापासून स्वयंपाकघरात त्याने एकच खुर्ची ठेवली होती. बाकीच्या पडवीत होत्या, पाहुणे आले तर. तोरुनला फोनवर तो हवापाणी सांगायचा आणि मग "ठेवतो, बॅटरी जाईल" म्हणायचा. फोन भिंतीवरचा, तारेचा होता. जंगलातून मात्र तो तासभर बोलायचा, कुठल्या झाडावर वीज पडली, कुठलं अस्वलाने खाजवलं.

ती परत येऊन बसली.

"म्हातारा झालोय का विचारत होता?" एम्ब्रिक म्हणाला.

"हवामान बदलाविषयी विचारत होता."

"मग सांग, मी बदललेलो नाही."

ते उठले. पुढचं झाड पाइनचं होतं, दोघांच्या मिठीत मावेल असं. एम्ब्रिक त्याला छाती लावून उभा राहिला तशी तोरुन म्हणाली, "बाबा, हलू नकोस. खांद्यावर गांधीलमाशी आहे."

तो हलला नाही. तिने काठी त्याच्या अंगालगत उभी केली. पितळी बटण एकशे पंचवीसवर होतं, आणि खोड खाली जाड असतं.

ते बटण तिला ती त्याच्या उंचीला पोचायच्या आधीपासून ठाऊक होतं. जाकिटाला चेन होती. बटणाला काज नव्हतं, ते निव्वळ जंगलासाठी होतं. जाकिटं फाटत, बटण नव्या जाकिटावर जाई. जे झाड छातीच्या उंचीला पोचत नाही त्याला जाडीच नसते, असा मोजणीचा नियम आहे, आणि लहानपणी तोरुन रुसून बसली की एम्ब्रिक तिला तोच लावायचा. 'तुला अजून जाडीच नाही, रुसतेस कसली? आधी बटणापर्यंत ये.' स्वयंपाकघराच्या चौकटीवर आईने पेन्सिलीने एकशे तीसवर एक रेघ मारली होती. ज्या दिवशी तोरुनचं डोकं रेघेला लागलं, त्या दिवशी त्याने तिच्या कपाळाला आडवा कॅलिपर लावून जेवणाच्या टेबलापुढे जाहीर केलं होतं, "एकशे बेचाळीस. जिवंत. शेंडा शाबूत." आईने त्या रात्री वॉफल केले होते.

"गेली का गं?" एम्ब्रिकने झाडाला विचारलं.

"काय?"

"माशी."

"गेली." तोरुनने त्याच्या खांद्यावरून हात फिरवला. पाठ मागच्या ख्रिसमसला एवढी वाकलेली नव्हती. किंवा असेल, पण तिने सेंटीमीटरमध्ये बघितली नव्हती.

संध्याकाळी फेमुन सरोवराच्या काठावरच्या लाकडी झोपडीत ते मुक्कामाला आले. उजेड अजून भरपूर होता. एम्ब्रिकने जाकीट शेगडीजवळच्या खिळ्याला अडकवलं, स्वेटर चढवला आणि जाळं बघून येतो म्हणून होडीकडे गेला.

तोरुनने बटाटे उकळायला ठेवले. मग जाकीट काढून मांडीवर घेतलं आणि खिडकीशी बसली. तंबू शिवायच्या पेटीत एक जाड सुई होती आणि दोरा नारिंगी. दुसरा नव्हता.

बटण उसवण्यासाठी तिने बोटाने कापड ताणलं, आणि थांबली.

बटणाच्या खाली भोकं होती. सुईची, जोडीजोडीने. पहिली जोडी खाली खिशाच्या शिवणीजवळ होती, तिच्यावर दुसरी, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर. त्यावर तिसरी. एखाददुसऱ्या भोकात हिरव्या दोऱ्याचा ठिपका अडकला होता. मुंग्यांच्या वाटेसारखी ती भोकं कापडावर चढत गेली होती आणि बटणापाशी येऊन संपली होती. त्याच्यावर कापड कोरं होतं.

दर मे महिन्यात, बर्फ वितळून मोजणी सुरू व्हायच्या आदल्या रविवारी, आई बाबांना चौकटीशी उभं करायची. बूट घालून. जाकीट घालून. 'लांबी बघते,' म्हणायची. 'जाकिटाची लांबी काय बघायची असते, ते काय वाढतं?' असं बाबा दरवर्षी म्हणायचे. 'उभा राहा सरळ,' आई म्हणायची. मग ती जाकीट धुवायला न्यायची, आणि तोरुनला वाटायचं की धुण्याचीच तयारी चालली आहे.

बटाटे उतू गेले. तिने उठून झाकण सरकवलं आणि पुन्हा येऊन बसली. पट्टीने पाच सेंटीमीटर मोजले, कोऱ्या कापडावर. आईला इतके कधी लागले नव्हते. आईने त्याला एवढं खाली जाऊच दिलं नसतं.

शिवताना दोरा दोनदा गुंतला. एम्ब्रिक तीन मासे घेऊन आला तेव्हा जाकीट खिळ्यावर होतं.

"स्वीडिश मासे आहेत," तो म्हणाला. "सहज पकडले गेले."

सकाळी त्याने जाकीट चढवलं, चेन ओढली, आणि पितळी बटणावर अंगठा फिरवला. दरवेळी तो तसा फिरवायचा, खिशात किल्ली आहे का बघावं तसा. अंगठा आधी जुन्या जागी गेला. तिथे काही नव्हतं. मग तो वर चढला. तोरुन बुटाच्या नाड्या बांधत होती. तिने त्या सोडून पुन्हा बांधल्या.

तो बाहेर पडला.

कालच्या पहिल्याच स्प्रूसपाशी जाऊन त्याने छाती लावली. कॅलिपर लावला. काढून पुन्हा लावला.

"दोनशे तेरा," तो शेवटी म्हणाला.

"काल चौदा होतं."

"रात्रीत रोडावलं. तुझ्या समितीची नजर लागली." तो झाडापासून बाजूला झाला आणि खाली वाकून छातीकडे बघू लागला. हनुवटी दुमडल्यामुळे आवाज घुसमटला. "नारिंगी?"

"पेटीत तेवढाच होता."

"आई हिरवा वापरायची. दिसू नये म्हणून."

"कुणाला?"

"मला."

तोरुनने काठीच्या टोकाने शेवाळात एक खड्डा पाडला आणि बुजवला. "मग गेल्या वर्षी तूच का नाही लावलंस? तुला शिवता येतं. तू तंबू शिवतोस."

"मला ठाऊक नव्हतं ना," एम्ब्रिक म्हणाला. "तिच्या मते. एवढी वर्षं ठाऊक नव्हतं, आता एकदम कसं ठाऊक होणार?" त्याने कॅलिपर मिटला, पुन्हा उघडला. "खोडसाळ झाडं आहेत म्हणायचो. आपोआप जाड होतात. फेकून देणार का गं दोन वर्षांचे आकडे?"

"बघते."

"तुझी नोकरी जाईल असं काही करू नकोस. तिकडचं चीज फुकट नाही मिळत."

तो पुढच्या झाडाकडे निघाला. तोरुन त्याच्या मागून काठी घेऊन गेली आणि त्याच्या प्रत्येक आकड्यावर आपला आकडा घेत राहिली. मोजणीतल्या प्रत्येक झाडाला. आकडे जुळत गेले. एका वाकड्या बर्चवर दोघांचंही चुकलं, पण सारखंच.

कॉफीच्या वेळेला स्तुरेचा फोन आला. या वेळी ती उठून आत गेली नाही. पिवळ्या दगडाला टेकून बसली.

"माणूस नाही, उपकरण आहे," ती म्हणाली. "उंची ठरवायचं उपकरण दोन हंगाम पाच सेंटीमीटर खाली सरकलेलं होतं. नेमकं किती ते मी मोजलंय, आणि काल ते जागेवर बसवलंय. आज प्रत्येक झाड काठीने तपासलं. जुने आकडे टाकायला नकोत, हिशेबाने दुरुस्त करता येतात."

"उपकरण कुठलं?"

"बटण."

समितीत बरीच वर्षं काढल्यामुळे स्तुरेला कशाचं आश्चर्य वाटत नसे. "आणि मोजणारा? तुझ्या मते विश्वासाचा आहे?"

"तो माझा बाप आहे, स्तुरे. मी दोनदा लिहिलं होतं."

"हो, नोंद घेतली होती. मग आज घेतलेले दोन्ही आकडे पाठव, त्याचे आणि तुझे. तिसऱ्या कुणाला तरी दाखवतो. जुळले तर राहू दे त्याला." त्याने काहीतरी टाइप केलं. "फक्त कारण लिहावं लागेल. दोन वर्षांपूर्वीच का सरकलं?"

तोरुनने समोर पाहिलं. एम्ब्रिक किटलीतला गाळ बसावा म्हणून तिच्यावर हलकेच टिचक्या मारत होता, अगदी मन लावून, जणू त्याला ऐकूच येत नव्हतं.

"दर वर्षी हंगामाआधी त्याची देखभाल करणारी एक व्यक्ती होती," ती म्हणाली. "ती राहिली नाही."

"असं." टाइप करण्याचा आवाज थांबला. "मग त्या जागेवर कुणाची नेमणूक झालीय का? नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तेच."

टिचक्या थांबल्या.

"झालीय," तोरुन म्हणाली. "दर मे महिन्यात. मोजणी सुरू व्हायच्या आदल्या रविवारी."

एम्ब्रिकने तिचा कप काठोकाठ भरला, सीमेपलीकडे सरकवला आणि म्हणाला, "येताना हिरवा दोरा घेऊन ये."