तळ्याची रेघ

पडद्यावरची निळी रेघ एका ठिकाणी थेट तळाला टेकली होती. बाकी सगळीकडे ती हळूहळू वर चढत गेलेली. मधेच ही एक खोल घळ.

नूतनने खुर्ची पुढे ओढली. रोह्याच्या त्या प्रयोगशाळेत पाण्याच्या तपासण्यांचे सगळे आकडे डेटाबेसमध्ये होते. एसक्यूएल या प्रश्नभाषेत लिहून हवे ते मागता येत, पण त्यांचं चित्र दिसत नसे. साहेबांनी आलेख काढणारा नवा प्रोग्रॅम आणला आणि दोन्ही जोडायचं काम तिच्यावर सोपवलं. सकाळभर खटपट करून जोडणी झाली, तेव्हा चाचणीसाठी तिने घरचंच पाणी निवडलं: पेणजवळच्या त्यांच्या खारशेताशेजारचं तळं.

तिचे वडील कान्हू या महिन्याची बाटली घेऊन आले होते. स्टुलावर टेकून ते पडद्याकडे बघत होते.

"एवढ्याशा डब्यात आमचं तळं मावलं व्हय गो?"

"तळं नाही, त्याचा खार मावलाय. रेघ वर गेली की खार वाढला."

खाडीचा बांध फुटून दोन वर्षं होत आली होती. पूर्वी घरटी एक माणूस चिखल घेऊन बांधावर उतरायचा. आता पोरं कंपनीच्या शिफ्टला, बांधावर म्हातारेच. बुजवलेली जागा पाझरत राहिली. दर बाटलीला कान्हू विचारायचे, "यंदा पेरू ना?" आणि नूतन म्हणायची, "पुढच्या खेपेला बघू."

कान्हूंचं बोट घळीवर जाऊन थांबलं.

"हे बघ. इथं पाणी गोड झालं व्हतं." त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. "एकदा झालं, तर परत व्हईल. पेरतो मी."

नूतनचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. त्या महिन्याची नोंदच नव्हती. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाताना रिकाम्या जागेचं शून्य झालं होतं. इतक्या दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता.

तिने क्वेरी, म्हणजे आकडे मागणारी ओळ, दुरुस्त केली आणि पुन्हा चालवली. घळ गेली. रेघेचे दोन तुकडे झाले, मध्ये नुसती मोकळी जागा.

"काय केलंस गो? कुठं गेलं पाणी?"

"त्या महिन्यात बाटली आलीच नाही, बाबा. गणपतीनंतरचा महिना."

बाटली नूतनची आई, बायजाबाई, भरायची. बुचाला चिंधी बांधून, चव घेऊन, तोंड वाकडं करून. त्या महिन्यात तिचे दिवस घालायचे होते.

कान्हूंनी पिशवीतली बाटली काढून टेबलावर ठेवली. बुचाला चिंधी होती, गाठ तेवढी सैल. मग ते त्या मोकळ्या जागेकडे वळले.

"तिनं राखलेलं बियाणं हाय कणगीत," ते म्हणाले. "ते भरडून आणतो. भात करून खाऊ."

नूतनने बाटलीवर तारखेची चिठ्ठी लावली.

"यंदा पेरायचं नाय."