मुकी हाळी

"धाकटे, ह्या फोनला काय झालंय बघ बरं. बोलूच देईना मेला!"

मी अंगणवाडीत खिचडी वाढत होते. हातात पळी, पुढ्यात पोरांची रांग, आणि दारात आमच्या थोरल्या जाऊबाई. कस्तुरा अक्का भरदुपारी रान सोडून आल्या म्हणजे एकतर म्हैस अडली असणार, नाहीतर गावात कुणीतरी गेलं असणार. मी पळी मदतनीसबाईंच्या हातात दिली आणि फोन घेतला.

फोनवर 'हाळी' उघडलेली होती. आमच्या भागात घराघरात शिरलेलं ते बोलायचं ॲप. लिहायचं काही नाही, वाचायचं काही नाही. भोंग्याच्या चित्रावर बोट ठेवायचं आणि मिनिटभर बोलायचं. नाव मनाला येईल ते घ्यायचं. ज्यानं ऐकलं त्याला वाटलं तर त्यानं उलटी हाळी द्यायची. हायवेवरचे ट्रकवाले कुठं चक्का जाम आहे ते सांगत, मेंढरंवाले कुठं चारा आहे ते सांगत, आणि सुना सासवांबद्दल सांगत. सुनांची गर्दी जास्त, हे वेगळं सांगायला नको. अक्कांच्या फोनात ते मीच घालून दिलं होतं. 'चुलीपुढची' हे नाव मात्र त्यांचं त्यांनी निवडलं.

आता भोंग्यावर एक मोठी पाटी आली होती. मी वाचून दाखवली. हाळी नव्या मालकांनी विकत घेतली होती आणि त्यांनी ठरवलं होतं, की पुढच्या महिन्यापासून प्रत्येकानं आधार कार्डावरचं नाव लावायचं, आणि बोलताना तोंड दिसलं पाहिजे. विश्वास वाढावा म्हणून म्हणे. पाटी बाजूला सारायची फुली कोपऱ्यात होती, ती अक्कांना दिसली नव्हती एवढंच.

"तोंड?" अक्का म्हणाल्या. "आवाजाला तोंड कशाला पायजे?"

"आणि खरं नाव, अक्का."

अक्का तिथंच उंबऱ्यावर बसल्या. एरवी पोरांना उंबऱ्यावर बसू न देणारी बाई. मला कळलं, या लोकांनी तिच्या काळजालाच हात घातला होता.

का ते सांगते. अक्कांची एकुलती एक लेक शिवलीला उमरग्याला कॉलेजात होती. तिथं औषधाच्या दुकानात कामाला असलेल्या विरेशशी तिचं जमलं. पोरगा गुणाचा, पण आपल्यातला नव्हता. माझ्या थोरल्या दिरांनी, दगडोबा दादांनी, थयथयाट केला. पोरीनं लग्न केल्याचं कळलं त्या दिवशी अणदूरच्या खंडोबाचा बेलभंडारा उचलून सगळ्या घराला शपथ घातली, "तिच्याशी ह्या घरातलं कुणी बोललं तर त्यानं माझं मेलेलं तोंड बघावं." आमच्या जळकोटहून उमरगा एसटीनं तासाभराचा रस्ता. पण त्या दिवसापासून पोर आम्हाला परदेशी झाली.

अक्का नवऱ्याची शपथ मोडणाऱ्यातल्या नव्हेत. वाकवणाऱ्यातल्या मात्र आहेत. एक दिवस हाळीवर 'सडकेकडची' नावाच्या कुण्या पोरीनं विचारलं, की अंबाडीच्या भाजीत कण्या कधी घालायच्या. आवाज ऐकला आणि अक्कांच्या हातातली परात खाली गेली. मग पदरानं हात पुसला, भोंग्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "भाजी उकडून पिळून घ्यावी बाई, मंग कण्या घालाव्या. आईनं शिकवलं न्हाय व्हय?"

पलीकडून जरा वेळानं उत्तर आलं, "शिकवलं होतं मावशी. माझंच ध्यान नव्हतं."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला चुलीपुढची आणि सडकेकडची बोलायच्या. एकदाही 'लेक' नाही, एकदाही 'आई' नाही. मी म्हटलं, "अक्का, ही शपथ मोडलीच की हो!" तर माझ्यावर डोळे वटारले. "कुणाशी बोलले म्या? सडकेकडचीशी. लेकीचं नाव तरी घेतलं का? खंडोबाला मराठी कळतं."

दादा त्या वेळेला ओसरीत बाजेवर पडलेले असायचे, तोंडावर टॉवेल टाकून. झोपलेत, असं आम्ही धरून चालायचो.

अलीकडं सडकेकडची तिच्या एका शेजारणीबद्दल विचारायला लागली होती. शेजारणीला आठवा लागलाय, पाय सुजतात, काय करावं? शेजारणीला रात्रीची झोप नाही. अक्का सांगायच्या, "तिला म्हणावं, अंगावर काढू नको, दवाखान्यात दाखव. आन् डाव्या कुशीवर नीज." एकदा न राहवून विचारलं, "तुझ्या शेजारणीला माहेर न्हाय का गं?"

"हाय मावशी. पर जाता येत न्हाय."

त्या दिवशी अक्का जेवल्या नाहीत.

आणि आता ही पाटी. खऱ्या नावानं, तोंड दाखवून बोलायचं म्हणजे शपथ मोडली. न बोलावं, तर पोरीचे दिवस भरत आलेले.

हाळीवर तर आग लागली होती. जो तो कंपनीला शिव्या घालत होता. सुनांची बोलती बंद होणार होती, कारण तोंड दाखवून सासूबद्दल कोण बोलणार? ट्रकवाले म्हणत, आम्ही गाडी चालवायची का आरशात बघायचं? नळदुर्गजवळ हणमंतप्पांचा धाबा आहे, त्यांच्या हाळ्या सगळा हायवे ऐकायचा. ते गरजले, "आपल्या बोलण्यावर मोठे झाले बेइमान, आन् आता आपलीच झडती घेत्यात! समद्यांनी हाळी काढून टाका फोनातनं. बसू द्या बोंबलत!"

मी म्हटलं बरोबर आहे. अक्कांनी मात्र मान हलवली आणि भोंगा दाबला.

"हणमंतप्पा, म्या चुलीपुढची बोलते. रुसून माहेरी गेलेल्या बाईला घरात कुणी इचारत न्हाय हो. हाटेलातनं आणून खात्यात चार दिस. घर हादरतं कधी? बाई घरातच ऱ्हाती, भाकरी थापती, म्होरं येऊन बसती, आन् तोंडातनं शबुद काढत न्हाय, तवा. जाऊ नका कुठं. रोज भोंगा दाबा, मिनिट भरू द्या, पर बोलू नका. अबोला धरा."

हे सांगायचा अधिकार आमच्या घरात त्यांनाच. दादांनी एकदा न विचारता त्यांची शेळी विकली, तर पोळ्याला धरलेला अबोला दिवाळीपर्यंत चालला. ताट वाढून म्हशीला सांगायच्या, "म्हणावं, भाकरी गार होतीया." दादाही म्हशीलाच सांगायचे, "म्हणावं, कालवणात मीठ कमी हाय." म्हैस बिचारी दोघांकडं बघत रवंथ करायची. शेवटी दादांनी बाजारातून तसलीच शेळी आणून दारात बांधली, तेव्हा कुठं बाईनं तोंड उघडलं.

"पण अक्का," मी म्हटलं, "हातात महिना आहे. तोवर तरी पोरीशी बोलून घ्या."

"महिनाभर बोलून जन्माचं मुकं व्हायचं? त्यापरीस आत्ता मुकी व्हते."

अबोला पसरला बघता बघता. हणमंतप्पांनी धरला, मेंढरंवाल्यांनी धरला, लातूर, अक्कलकोट, पार कर्नाटकातल्या आळंदपर्यंतच्या सुनांनी धरला. कुठलीही हाळी उघडावी, तर आधी कंपनीची साबणाची जाहिरात वाजायची आणि मग मिनिटभर शांतता. कंपनीकडून निरोप यायचे, 'तुमचा आवाज येत नाही. माईक तपासा.' मी वाचून दाखवला की अक्का पदर तोंडाला लावून हसायच्या. सडकेकडचीची मुकी हाळीही रोज यायची. फॅनची घरघर, लांबून एखादा ट्रक. अक्का तेवढंच कान देऊन ऐकायच्या आणि भाकरी थापायला घ्यायच्या.

मग एका संध्याकाळी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"विचारा की अक्का," मी म्हटलं. "एकदा बोललात तर कोण फासावर देतंय?"

"एवढ्या माणसांना अबोला धराय लावून म्याच आधी तोंड उघडू?"

"मग मी सरळ फोन करून विचारते."

"तुलाबी शपथ हाय, धाकटे."

राग आला मला. कंपनीचा आला, दादांचा आला, आणि खरं सांगते, खंडोबाचाही आला. पहिलटकरीण पोर एकटी कुठं कळा देत असेल, आणि आम्ही दोन जाणत्या बायका चुलीपुढं फोन ठेवून बसलोय. अक्कांनी त्या दिवशी कालवणात दोनदा मीठ घातलं. दादांनी निमूट खाल्लं. हात धुवून म्हशीजवळ गेले, तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आज बी फोन वाजला न्हाय म्हणावं."

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं, मी अक्कांकडं. म्हणजे हा बाबा इतके दिवस टॉवेलखाली जागा होता तर!

पुढल्या दिवशी दिवा लावतानाच फोन वाजला. सडकेकडची. साबणाची जाहिरात संपेना. संपली एकदाची. मग फॅनची घरघर. मग बांगड्यांची किणकिण, कुणीतरी हळूहळू थोपटत असल्यासारखी. आणि मग एकदम, ट्यँहां! कोवळं, ताजं, चिडलेलं रडणं. शब्द एकही नाही. पोरीनं अबोला मोडला नव्हता. पण बाळाला कोण शपथ घालणार?

अक्का फोन छातीशी धरून ढसाढसा रडायला लागल्या. मीही रडले. बाजेची करकर झाली. दादा उठून बसले होते, टॉवेल खाली पडला होता.

"परत लाव."

मी परत लावलं. त्यांनी ऐकलं, आणखी एकदा लावायला लावलं. मग घसा खाकरून म्हणाले, "सकाळची उमरग्याची एसटी किती वाजता हाय?"

"दादा, पण शपथ?"

"बोलायची शपथ घातली म्या. बघायची कुठं घातली?" ते पायात वहाणा चढवत म्हणाले, जसं काही एसटी दारातच उभी आहे. "खंडोबाला मराठी कळतं."

उमरग्यात औषधाच्या दुकानात पत्ता विचारत आम्ही तिघं पोचलो; हायवेच्या मागं दोन खोल्यांचं घर. विरेशनं दार उघडलं आणि त्याचा चेहराच उतरला. बिचाऱ्याला वाटलं, भांडायलाच आले. पण शपथ शिवलीलाशी न बोलायची होती, त्याच्याशी नव्हती. दादा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काय जावईबापू, दुकान कसं चाललंय?" विरेशनं घाईघाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

आत कानाला फडकं बांधून शिवलीला बसली होती. अक्का तिच्याजवळ टेकल्या, तिचं डोकं खांद्यावर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या. शब्द नाही. माझ्या जिभेला तर मुंग्या आल्या होत्या.

विरेशनं बाळ आणून दादांच्या मांडीवर ठेवलं. मुलगी होती. नाक अगदी दादांचं, नको तेवढं मोठं. दादांनी तिचं टोपडं सारखं केलं. मग तिलाच म्हणाले, "तुझ्या आईला म्हणावं, लई वाळली."

शिवलीलानं मान वर केली. ती याच घरची पोर. म्हशीमार्फत चाललेले अबोले बघत वाढलेली. बाळाकडं बघूनच म्हणाली, "आजोबाला म्हणावं, तुमीबी."

"आन् म्हणावं, बाळंतिणीनं सव्वा महिना माहेरात काढायचा आसतो. खोली सारवून ठेवलीया."

अक्कांनी चमकून माझ्याकडं पाहिलं. खोली कुणीही सारवली नव्हती. तिथं सोयाबीनची पोती होती.

"आजोबाला म्हणावं," शिवलीलानं बाळाचं दुपटं नीट केलं. "म्हणावं, येते."

पाचवी उरकल्यावर विरेशनं जीप करून तिला आणून सोडलं. तोवर पोती हलवून मी खोली सारवली होती, दादांची अब्रू राखायची म्हणून. त्याच दिवशी कंपनीचा निरोप आला. नाव आणि तोंडाचा नियम तूर्त मागे घेतला आहे. या 'तूर्त'वर माझा काडीचा विश्वास नाही, पण अबोला कसा धरायचा ते आता सगळ्यांना ठाऊक झालंय. हाळीवर नुसता कल्ला उठला होता. हणमंतप्पांचा आवाज तर फुटला होता, "चुलीपुढचे, कुठं हायस माय? आधी तू बोल! तुझी हाळी आल्याबगर म्या बोलायचा न्हाय!"

दिवेलागण झाली होती. अक्का चुलीपुढं, आणि हातभर अंतरावर पाटावर शिवलीला, शेगडीची ऊब घेत. पोर आजोबाजवळ बाजेवर. अक्कांनी फोन घेतला, भोंग्यावर बोट ठेवलं. लेकीकडं न बघता, चुलीतल्या जाळाकडं बघत म्हणाल्या,

"सडकेकडचे, तुझी शेजारीण कशी हाय गं?"

शिवलीलानं आपला फोन उचलला.

"बरी हाय मावशी. माहेरी आलीया."

बाजेवर दादांनी टॉवेल तोंडावर ओढून घेतला, आणि जेवायला हाक मारली तरी बराच वेळ काढला नाही.