दहा सेकंद मागे

एका बटणावर काट मारली की थोरलीच्या पदरात चार दिवसांची रजा पडणार होती आणि साहेबांच्या पदरात काम वेळेत संपवल्याचा मान. सौदा वाईट नव्हता. इस्पितळासाठी ती व्हिडिओ प्लेअर बनवत होती. सुरू, बंद, आणि खाली पुढंमागं सरकवायची बारीक रेघ. 'दहा सेकंद मागे' एवढं बटण राहिलं होतं.

"रेघ आहे ना? बोटानं सरकवतील की," थोरलीच म्हणाली.

"झालं तर मग. बटण दुसऱ्या टप्प्यात!" साहेब म्हणाले.

दुसरा टप्पा म्हणजे त्या कचेरीतला 'उद्या'. आजवर कुणी पाहिला नव्हता. पुढं ढकललेल्या कामांच्या यादीखाली सही थोरलीची.

महिन्याभरात बाबांना झटका आला. हात थरथरू लागला, वाचा गेली. इस्पितळानं बोलण्याचे धडे दिले, तेही नेमके त्याच प्लेअरवर. दुसरीकडं ते उघडतच नसत.

व्हिडिओतली बाई आधी 'नमस्कार' म्हणे, मग 'पाणी'. बाबा ओठ जुळवेपर्यंत ती 'पान'वर पोचलेली. मागं न्यायला रेघेवर बोट ठेवावं, तर ते थरथरून घसरे, आणि बाई पुन्हा पहिल्यापासून : नमस्कार!

"माझं बोट लागलं की थेट 'धन्यवाद'वर जाते मेली," आई म्हणाली. "कुणी गं केलंय हे?"

थोरलीनं रेघ मागं सरकवली. आपलेच दात, आपलेच ओठ.

साठवलेली चार दिवसांची रजा तिनं बाबांजवळ बसून रेघ सरकवण्यात घालवली. चौथ्या दिवशी बाबांच्या तोंडून "पा" निघाला. पाचव्या दिवशी कामावर जाणं आलं.

"साहेब, ते बटण मी माझ्या वेळात करते."

"अगं, इस्पितळानं पसंतीची सही केली. आता टाचणी हलवायची तरी त्यांची सभा बसते. दुसऱ्या टप्प्यात बघू."

"तो कधी?"

"हे तू मला विचारतेस?" साहेब हसले. तीही हसली, दुसरं करणार काय?

संध्याकाळी ती घरात शिरली तशी बाबांनी रिकामा पेला पुढं केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "नमस्कार."

"सकाळी 'पा' होता गं," आई म्हणाली. "दिवसभर मागं नेता नेता तोही गेला."

थोरलीनं पेला भरला. साहेबांना मान मिळाला, तिला चार दिवस. 'पाणी' तेवढं बाबांच्या खात्यातून वजा झालं.