एकोणऐंशीवर भोक

"भोक खालून एकोणऐंशीवर," मिस्त्री म्हणाले आणि टेपची पट्टी सर्रकन आत गेली.

काचेच्या दुकानातल्या शिकाऊ पोरीने, काडीने, मार्कर काचेला टेकवला. तिथेच थांबवला.

मागच्या महिन्यात एकोणसाठ होतं. तिने पाच-नऊऐवजी सहा-नऊवर खूण केली, आणि नवी कोरी काच भंगारात गेली. काचेला भोक पडलं की ते बुजवता येत नाही. तेव्हा कामगारांनी चेष्टा केली, मालकांनी आवाज चढवला. मिस्त्री एक शब्द बोलले नाहीत.

आज तिच्या शिकाऊपणाचे सहा महिने भरत होते. दाराजवळच्या स्टुलावर तिला इथे कामाला लावणाऱ्या संस्थेच्या बाई कागद घेऊन बसल्या होत्या. त्यावर मिस्त्रींची सही झाली तर काम पक्कं. नाही झाली तर काम गेलं आणि संस्थेच्या वसतिगृहातला पलंगही गेला. मग परत काकाचं घर. त्या घराचा विचार आला की तिची मान आपोआप आत जायची.

शाळा चौथीत सुटलेली. आकडा दिसला तर कळायचा, ऐकला की निसटायचा. कानाला ऐंशी लागलं की हात आठाकडे धावायचा. म्हणून ती मनातल्या मनात पायरी पायरीने चढायची.

एकोणतीस. दोन-नऊ.

एकोणचाळीस. तीन-नऊ.

एकोणपन्ना—

घर्रर्र. बारक्याने ड्रिल चालू करून बघितलं आणि तिच्या मनातली शिडी कोसळली.

"काच वितळायची वाट बघतेस का, काडे?" तो म्हणाला. भोक पाडताना काच तापू नये म्हणून धरलेल्या त्याच्या बाटलीतून पाण्याचा थेंब लोंबत होता. कुणीतरी फिसकन हसलं.

दाराची दुसरी काच भिंतीला टेकवून ठेवली होती. तिच्यातल्या भोकाला जुळेल असंच नव्या काचेत भोक पाडायचं होतं. चार पावलांवर होती ती. पण मिस्त्रींचं माप पुन्हा मोजायचं नाही, ही इथली रीत. तीस वर्षांत कुणी मोजलं नव्हतं.

बाईंनी घड्याळ पाहिलं.

काडीने मार्कर उचलला.

"मिस्त्री, सात-नऊ की आठ-नऊ?"

बारक्या मोठ्याने हसला. "एवढंही येत नाही?" मग मिस्त्रींकडे बघून त्याने हसू गिळलं.

खिशातला टेप त्यांनी बाहेर काढला, आत ठेवला, पुन्हा काढला. मग जुन्या काचेपाशी उकिडवे बसले, टेप खालून वर ओढला आणि भोकाच्या मध्यावर अंगठ्याचं नख दाबून धरलं.

"इकडे ये. तूच वाच."

ती गुडघ्यांवर बसली. नखाखालचा आकडा तिने दोनदा पाहिला. मग मिस्त्रींकडे पाहिलं. ते टेपकडे बघत नव्हते. फरशीकडे बघत होते.

"आठ-नऊ," ती हळूच म्हणाली.

"पण एकोणऐंशी म्हणजे तर सात—" बारक्याने तोंड मिटलं.

मिस्त्री गुडघ्यावर हात टेकून उठले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भोक आठ-नऊवर. ती सांगेल तिथे धर, बारक्या."

मग ते बाईंपाशी गेले. त्यांनी कागदावर बोट दाखवलं तिथे सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. खाली तारखेची जागा रिकामी होती. बाईंनी ती दाखवली.

मिस्त्रींनी पेन टोपण लावून परत दिलं.

"ते आकड्यांचं तिला घालू द्या."