शिळेला न भुलणारे लावे

कळमेश्वरच्या पंचक्रोशीत चंपतरावांच्या शिळेला नाव होतं. लाव्याच्या मादीची शीळ ते अशी घालत, की गवतातला लावा मान उंचावून तुरुतुरु धावत थेट जाळ्यात येई. नागपूरचे साहेब मोटारी घेऊन यायचे ते त्या शिळेपायी. पुढे शिकारबंदीचा कायदा आला, साहेब यायचे थांबले; नाव तेवढं राहिलं.

त्या साली शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत कापताना त्यांच्या विळ्याखाली लाव्याचं घरटं आलं. मादी उडाली ती परतलीच नाही. बायकोनं, जिजाबाईंनी, अंडी पदरात घालून घरी आणली आणि खुडूक कोंबडीखाली ठेवली. अंगठ्याएवढी पिल्लं निघाली. चंपतरावांनी वारुळं खणून खणून त्यांना उधई, म्हणजे वाळवी, चारली. ज्या हातांनी जन्मभर लाव्यांच्या माना मुरगळल्या, त्याच हातांच्या उबेत ती झोपू लागली.

पंख भरले, सोडायची वेळ आली. पण रानात कुणीही शीळ घातली की ही लेकरं धावत जाणार आणि संध्याकाळी हंडीत शिजणार, हे चंपतरावांइतकं कुणाला ठाऊक? मग ते रोज परसात बसून शीळ घालू लागले, आणि पिल्लं धावत आली की पत्र्याचा डबा बडवू लागले. कोंबडी बिचारी दोन्हीकडून वेडी झाली.

जिजाबाई जात्यावरून सुनावायच्या :

‘लाव्याच्या लेकरा, नको भुलू गोड शिळेला
शिळेमागं जाळं, जाळ्यामागं तेल-मसाला’

वर म्हणायच्या, "तरुणपणी शिटी मारून बोलवत होते, आता बोलवून हाकलून राहिले! हे काहून वो?"

"तू चूप राय वं. मास्तर हाओ मी त्याइचा."

होता होता शीळ ऐकली की पिल्लं ढेकळासारखी भुईला चिकटू लागली.

एका सकाळी चंपतरावांनी पिल्लांचं डालगं माळावर नेऊन उघडलं. लावे गवतात शिरले. इतक्यात मागून कवडू आला, खांद्यावर जाळं. कायद्याला न जुमानता लावे धरून विकणारा गावातला हाच एक. चंपतरावांनी रिकामं डालगं झुडपामागं सारलं.

"काका, मारा ना गा एक शिटी! तुमच्या शिटीले लावा नाही म्हनत नाही."

नकार दिला तर त्याला संशय येणार, दिवसभर गवत तुडवत बसणार. मुद्दाम बेसूर घालावी तर त्याचे कान पक्के. चंपतरावांनी ओठ ओले केले आणि जन्मात घातली नसेल इतकी गोड शीळ घातली.

हातभर अंतरावर एक लावा त्यांना दिसत होता, मातीच्या रंगाचा, मातीत मुरलेला. त्यानं मान जराशी उचलली. मग मान हळूच खाली गेली. गवताचं पातं हललं नाही.

"अजून एक मारा."

मारली. पुन्हा सामसूम.

कवडू हसत सुटला. "गेली गा काका तुमची शिटी! आता नातवंडं खेळवा."

"दात पडले ना बापा," चंपतराव म्हणाले.

कवडू जाळं सावरत निघून गेला. दुपारपर्यंत पारावर, पिठाच्या चक्कीवर, सगळीकडे एकच गोष्ट : चंपतरावांची शीळ संपली. ते घरी आले तेव्हा जिजाबाई दारातच उभ्या होत्या.

"गेले का लेकरं सुखरूप?"

"गेले."

चंपतराव खाटेवर टेकले. बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले.

"पन वं," शेवटी ते म्हणाले, "एखादा तरी यायले पायजे होता."