एकही डाग नाही

"झोपू दे ना वं पोरीले! आई हायेस का कसाई?" मागच्या सीटवरची म्हातारी ओरडली आणि अख्खी एस.टी. मान वळवून हर्षाकडे पाहू लागली.

हर्षानं मांडीवरच्या अंजूच्या तोंडावरून पुन्हा ओला रुमाल फिरवला. चार वर्षांची पोर. पापण्या जडावल्या की मान लुळी पडायची, मान पडली की हर्षा तळपायाला चिमटा काढायची. मग अंजू भोकाड पसरायची, आणि तिच्या प्रत्येक रडण्यासरशी गाडीतली माणसं हर्षाला आणखी दोन शब्द सुनावायची. हर्षाचा नवरा धीरज पलीकडच्या सीटवर खिडकीबाहेर पाहत होता.

"सावत्र दिसते," कोणीतरी म्हणालं.

"सख्खी हाय," हर्षा फटकन म्हणाली. "वर्ध्याले डोक्याचा फोटो काढाचा हाय तिच्या. मशिनीत अर्धा तास जराही हलाचं नाई. झोपेतच काढतात. आत्ता झोपली त तिथं टक्क जागी राहीन."

"एवढुशा पोरीच्या डोक्याचा फोटो! चांगली त दिसते!"

इथंच तर सगळं अडलं होतं. अंजू चांगली दिसत होती.

श्रावणात ताप आला. डोळे फिरवले, चार दिवस दवाखान्यात होती. "व्हायरल आहे, उतरेल," डॉक्टर म्हणाले. उतरला. पाचव्या दिवशी पोर हसत नाचणगावला परत आली, अर्ध्या गल्लीनं तिची दृष्ट काढली, आणि सगळे आपापल्या कामाला लागले. हर्षा मात्र पाहत राहिली. आधी "पाणी" गेलं. पोर पेल्याकडे बोट दाखवून "ते, ते" करायला लागली. मग चप्पल, मग भाकर. कोणी रोज गुपचूप येऊन घरातली एकेक वस्तू उचलून न्यावी, तसे शब्द जात होते. खेळता खेळता अंजू मधेच थांबायची. हाक मारा, टाळी वाजवा, पापणी हलायची नाही. मग जणू काही झालंच नाही अशी पुन्हा खेळायला लागायची.

हर्षानं हे सांगितलं नाही असं माणूस उरलं नव्हतं. अंगणवाडीच्या मीराबाई म्हणाल्या, आजारपणात लाडावली. सासूबाई मंदाबाई म्हणाल्या, "माहा धीरज त पाच वर्साचा होऊन बोलला."

"पण हे बोलत होती ना, आत्याबाई! बोलत होती अन् आता नाई बोलून राह्यली!"

हे ऐकलं की मंदाबाई उठून आत जायच्या. मग स्वयंपाकघरात भांडी जोरात वाजायची. बी.एस्सी. झालेली सून केली की पोराला साधं पडसंही सुखानं होत नाही, असं त्या भांड्यांना ऐकवायच्या.

शेवटी सासऱ्यांनी तोड काढली. डोमाजींचं किराणा दुकान, गावात शब्दाला वजन. "एकदा काढून आना फोटो," ते म्हणाले. "डाग निघाला त नागपूर, मुंबई, जिथं म्हनान तिथं नेतो. साफ निघाला त या घरात पुन्हा दवाखान्याचं नाव घ्याचं नाई. मंजूर?"

धीरजनं मान हलवली. हर्षाला कोणी विचारलंच नव्हतं.

स्कॅन सेंटरच्या पायरीवर पाऊल ठेवताच तिनं रुमाल दूर केला, आणि अंजू खांद्यावर पडल्या पडल्या झोपली. काचेपलीकडे ती पांढऱ्या बोगद्यात गेली. मशीन ठकठक करू लागली. धीरज बाकावर बसून नख खात होता. हर्षानं हात जोडले आणि तिच्या मनातून भलतेच शब्द निघाले. देवा, एखादा डाग निघू दे. बारीकसा. पण निघू दे.

तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. आपण काय मागितलं ते तिला कळलं होतं. पण तिनं मागणं परत घेतलं नाही.

तासाभरानं डॉक्टरांनी फिल्म दिव्याच्या काचेवर लावली. "एकदम नॉर्मल," ते धीरजला म्हणाले. "एकही डाग नाही. अभिनंदन."

"मग तिचे शब्द कुठं गेले?" हर्षानं विचारलं.

डॉक्टर धीरजकडेच पाहून हसले. "आयांना टेन्शन असतंच."

"मी विचारतेय, डॉक्टर. मशीनला दिसलं नाही म्हणजे पोरीला काही झालंच नाही, असं असतं का? दुसरी काही तपासणी असेल ना?"

"शिकलेल्या दिसता तुम्ही. मग फोटोवर तरी विश्वास ठेवा. यांना जरा माहेरी पाठवा, आराम पडेल."

जिन्यात हर्षानं रिपोर्टचा कागद उलगडला. इंग्रजीत सगळं नॉर्मल, नॉर्मल. आणि शेवटी एक ओळ: आई अतिशय चिंताग्रस्त. तीन महिन्यांच्या सगळ्या कागदांत व्हायरल सोडून आजार म्हणून एकच गोष्ट लिहिली गेली होती, आणि तो आजार हर्षाचा होता.

धीरजच्या फोनमुळे नाचणगावात बातमी त्यांच्या आधी पोचली होती. धीरजच्या हातून फिल्म घेऊन डोमाजी दुकानाच्या दारात ती उन्हाला धरत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. "पाहा! नातीचं डोकं हाय. काचेसारखं साफ!" मंदाबाई पेढे वाटत होत्या. तेल घ्यायला आलेल्या पंचफुलानं फिल्म उलटी धरून पाहिली, डोमाजींना परत दिली आणि हात जोडले.

"घे वं, तोंड गोड कर," मंदाबाईंनी पेढा पुढे केला.

"नको मले."

"काऊन? आनंद नाई झाला का तुले?" डोमाजींनी विचारलं.

"नाई झाला, मामाजी. मी देवाले डाग मागतला होता."

मंदाबाईंचा हात तसाच राहिला. "आई हायेस का वैरीण?"

"डाग निघाला असता त तुमी सारे तिले घेऊन धावले असते. साफ निघाला, आता कोणी उठत नाई! मंग आईनं काय मागाचं, आत्याबाई? तुमीच सांगा. पेढे वाटून राह्यले. कायचे पेढे? पोरगी मले आई म्हनत नाई पंधरा दिवसांपासून!"

"हर्षा!" धीरज म्हणाला. "लोक हायेत."

"असू द्या लोक!"

"चूप बसा सारे," डोमाजी म्हणाले. त्यांनी अंजूला उचलून गादीवर बसवलं आणि एका डब्याचं झाकण काढलं. "अंजाबाई, हे काय हाय? सांग तुह्या आईले. मूग. म्हन, मूग."

अंजूनं डब्यात हात घातला. बोटांतून गार दाणे सोडले आणि खुदकन हसली. "ते."

"बरं, हे?" त्यांनी गूळ पुढे केला. "हे त रोज मागत होती तू."

अंजूनं खडा तोंडात टाकला. "ते."

तिसरं झाकण निघालं. चौथं. पाचवं. डोमाजींचा आवाज प्रत्येक डब्यागणिक खाली येत गेला. मधेच अंजू थांबली. हात डब्यात, डोळे उघडे, नजर कुठंच नाही. "अंजे," डोमाजी म्हणाले. "ए अंजे." त्यांनी तिच्या तोंडासमोर बोटं हलवली, चुटकी वाजवली. गुळाची लाळ तिच्या हनुवटीवरून ओघळली. मग पोरीनं पापणी मिटली, उघडली, आणि पुन्हा दाणे सोडायला लागली.

डोमाजींनी धोतराच्या सोग्यानं तिची हनुवटी पुसली. फिल्म त्यांच्या काखेतून निसटून पोत्यांमध्ये पडली होती.

पंचफुला तेलाची रिकामी बाटली उचलून पायरी उतरून गेली.

"सूनबाई," ते वर न पाहता म्हणाले. त्यांनी आपलं स्टूल पायानं तिच्याकडे सरकवलं. "बस. श्रावणापासून सांग."

हर्षा बसली नाही. उभ्यानंच तिनं सुरुवात केली.