पिवळे कपटे

बेकरीवाल्या कुस्तोदियानं पावाची पिशवी काउंटरवर ठेवली आणि तिच्या शेजारी, हळूच, पिवळ्या कागदाचा एक कपटा.

"हा तुमच्याकडचा वाटतं," ती इदालिनाला म्हणाली. "कोपऱ्यावरच्या कचरापेटीत अख्खी पिशवी होती. जाळायचे असतात हो हे. पण तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला कोण सांगणार?"

रांगेतल्या बायका छताकडे बघायला लागल्या. इदालिनानं पाव उचलला, कपटा उचलला, आभारही मानले आणि ती बाहेर आली. बेकरीवाल्या म्हातारीनं चार टोमणे मारले असते तरी चाललं असतं. पण म्हातारीला आपली कीव आली, हे इदालिनाला फार झोंबलं.

कागदी फुलांचा उत्सव या गावात दरवर्षी होत नाही. लोकांच्या मनात येईल तेव्हा होतो. मग हिवाळाभर प्रत्येक गल्ली दारं लावून फुलं करत बसते आणि उत्सवाच्या सकाळी गल्लीवर त्यांचा मांडव चढलेला असतो. आपला मांडव कसला, हे त्या सकाळपर्यंत परगल्लीत दिलेल्या लेकीलाही सांगायचं नसतं. इदालिना राहायची ती विहिरीची गल्ली यंदा सूर्यफुलं करत होती. चर्चच्या गल्लीला, म्हणजे कुस्तोदियाच्या गल्लीला, आता निदान रंग तरी कळला होता. आणि तो कळला होता इदालिनामुळे, कारण लिस्बनच्या सवयीनं तिनं कागदाचा कचरा नीट वेगळा करून कागदाच्याच पेटीत टाकला होता.

लिस्बनमध्ये तिचा जन्म पोस्टाच्या खिडकीमागे गेला. एकदा सुट्टीत येऊन तिनं इथले मांडव पाहिले आणि तेव्हापासून तिचे हात शिवशिवत होते. निवृत्त झाली तशी ती विहिरीच्या गल्लीत घर घेऊन राहिली. गल्लीची प्रमुख झुल्मिरा. तिनं इदालिनाचं पहिलं फूल उजेडात धरून विचारलं होतं, "हे फूल आहे की चुरगळलेला रुमाल?" पण लगेच नवा कागदही दिला होता आणि पाकळी बोटावर न वळवता विणायच्या सुईवर कशी वळवायची ते दाखवलं होतं. झुल्मिराच्या गॅरेजमधल्या लांब टेबलापाशी बसायला लागल्यापासून इदालिनाला रविवार खायला उठत नव्हता. तिथून आता उठवलं तर, हा विचारही तिला सोसवेना.

दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपणच सांगायचं, असं ठरवून ती तडक गॅरेजमध्ये गेली आणि तिनं कपटा टेबलावर ठेवला.

"झुल्मिराबाई, माझ्यामुळे सगळं फुटलं. मी कपटे कचरापेटीत टाकले होते. कुस्तोदियाबाईंनी हा परत दिला."

सगळ्यांच्या कात्र्या थांबल्या.

"कचरापेटीत?" झुल्मिरा ओरडली. "अगं, इथलं शेंबडं पोरसुद्धा कपटे चुलीत टाकतं!"

"मला माहीत नव्हतं."

"तिला सांगितलं होतं कुणी?" कोपऱ्यात तारा वळत बसलेला म्हातारा व्हेनान्सियु मान वर न करता म्हणाला. "तू सांगितलंस? मी तर नाही सांगितलं."

 कागद घेताना जशी निरखून बघायची, तशी झुल्मिरा इदालिनाकडे बघू लागली.

"रडता येतं तुला?"

"आत्ता येतंय."

"आत्ता नको, उद्या बेकरीत. सांगायचं, पिवळ्या कागदाला ओल लागली, सगळा फुकट गेला. मी खापर तुझ्या डोक्यावर फोडलं. आता गल्ली लाल करतेय. आणि मला मनसोक्त शिव्या घाल, म्हणजे पटेल. मी बोलून उपयोग नाही. माझ्या थापा गावाला पाठ आहेत."

पोस्टात इदालिनानं कधी पाकिटाचं वजनसुद्धा चुकीचं सांगितलं नव्हतं. सकाळी बेकरीत शिरताना ती वाक्यं मनात घोकत होती. पण झुल्मिराचं नाव तोंडात आलं आणि पुढचं आपोआप सुटत गेलं. रुमाल म्हणाली माझ्या फुलाला! रंगातलं तिला ओ की ठो कळत नाही, सगळ्यांना नुसती घाण्याला जुंपते. खरंखोटं कुठे मिसळतंय, हे तिचं तिलाच कळेना. डोळ्यांतून पाणी मात्र खरं आलं.

कुस्तोदिया काउंटरच्या बाहेर आली. तिनं इदालिनाला खुर्चीवर बसवलं, रांगेकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला.

"तुला म्हणून सांगते, कुठे बोलू नकोस. आमचंही तेच झालंय बघ. खोली गळली आणि निळा कागद सगळा भिजला. अर्धा हिवाळा वाया गेला गं." आणि तिनं अ‍ॅप्रनला डोळे पुसले.

इदालिना धापा टाकत गॅरेजमध्ये पोचली ती अपराधी चेहऱ्यानं.

"पटलं त्यांना," ती म्हणाली. "पण मला हे जमायचं नाही पुन्हा. मी त्यांना फसवत होते आणि त्यांनी माझ्यापाशी मन मोकळं केलं. बिचारीचं सगळं निळं भिजलंय."

टेबलापाशी सगळ्यांनी माना वर केल्या.

"कुस्तोदिया म्हणाली असं?" झुल्मिरानं विचारलं. "तुला? आपणहून?"

"हो. रडल्यासुद्धा."

"डोळे कशाला पुसले? रुमालाला?"

"अ‍ॅप्रनला."

झुल्मिरा स्टुलावर बसली आणि पोट धरून हसायला लागली. व्हेनान्सियुनं तार खाली ठेवली.

"म्हणजे निळं नाही," कुणीतरी म्हणालं.

"निळं गेलं खड्ड्यात!" झुल्मिरा म्हणाली. "अ‍ॅप्रनला डोळे पुसले की समजायचं, थाप. अगं, मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा कुस्तोदिया माझ्याशी किती गोड बोलायची. हवापाणी, सासूची तब्येत. फुलांबद्दल चकार शब्द नाही. एक उत्सव गेला, दुसरा गेला, तेव्हा कुठे तिनं मला पहिली थाप मारली. घरी येऊन नवऱ्याला मिठी मारली होती मी. परक्या माणसाला ती कशाला थापा मारेल? तुला आल्या आल्या मारली!"

इदालिना उभीच होती. मग सावकाश तिचा चेहरा खुलत गेला.

"म्हणजे त्या माझ्याशी खोटं बोलल्या," ती म्हणाली. इतका आनंद तिला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. "तोंडावर खोटं बोलल्या!"

"धडधडीत," व्हेनान्सियु म्हणाला. "बस आता. पाकळ्या राहिल्यात."

दुसऱ्या दिवशी इदालिना बेकरीत गेली ती गंभीर चेहरा करून.

"निळं वाळलं का हो थोडं?"

"कसलं वाळतंय," कुस्तोदियानं उसासा टाकला. "तुमचं लाल काय म्हणतंय?"

"रंग हाताला लागतोय. झुल्मिराबाई माझ्यावरच डाफरतात."

"ती तशीच. सोस बाई."

दोघींनी एकमेकींच्या गल्लीबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली. मागे रांग खोळंबून राहिली होती, पण कुणीही घाई केली नाही.